रक्ताला मागे फिरू न देणाऱ्या पाकळ्या

हृदय हा स्नायू आहे आणि स्नायूला एकच गोष्ट येते: आकसणे. आकसून तो आतल्या रक्तावर दाब आणतो, पण दाबाला दिशा नसते. बंद भांड्यातल्या द्रवावर आणलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलेलो आहोत. त्या नियमाने पाहिले तर हृदयाचा डावा खालचा कप्पा आकसतो तेव्हा त्यातले रक्त पुढे महाधमनीत जाईल तसे मागे फुप्फुसांकडेही जायला हवे. किंबहुना मागेच जास्त जायला हवे, कारण महाधमनीत आधीपासून पाऱ्याच्या ८० मिलिमीटरइतका दाब असतो आणि मागच्या वाटेवर जेमतेम दहा. तरीही रक्त सोपी वाट सोडून अवघड वाटेने जाते, तेही दर ठोक्याला, दिवसातून सुमारे एक लाख वेळा. हे कसे घडते, या एकाच प्रश्नाभोवती हे पुस्तक फिरते.

हृदयावर मराठीत पुष्कळ लिहिले जाते. त्यातले बहुतेक लेखन रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्यांविषयी असते: कोलेस्टेरॉल, अँजिओप्लास्टी, बायपास, चालण्याचा व्यायाम. ते आवश्यक आहे आणि त्याने अनेकांचे प्राण वाचले आहेत. पण त्या गर्दीत झडपा मागे पडल्या. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मला नेहमी जाणवत आले की हृदयाची गोष्ट झडपांपासून सांगायला सुरुवात केली की बाकीचे हृदय आपोआप समजत जाते. स्नायूपासून सुरुवात केली तर झडपा शेवटी जोडलेल्या सुट्या भागांसारख्या वाटतात. म्हणून या पुस्तकात मी झडपांना पहिला मान दिला आहे.

रचना थोडक्यात सांगतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे, खालचे दोन म्हणजे निलये. उजवी बाजू शरीरभरातून आलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू फुप्फुसांतून आलेले रक्त शरीराला पुरवते. प्रत्येक बाजूला अलिंद आणि निलय यांच्यामध्ये एक झडप असते: उजवीकडची तीन पाकळ्यांची, डावीकडची दोन पाकळ्यांची. या डावीकडच्या झडपेला डॉक्टर मायट्रल म्हणतात. निलयातून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांच्या तोंडाशी आणखी दोन झडपा असतात, दोन्ही तीन-तीन पाकळ्यांच्या. एकूण चार झडपा आणि अकरा पाकळ्या. प्रत्येक पाकळी मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ.

विहिरीवर मोटार बसवलेल्या शेतकऱ्याला झडपेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व गळायला लागला की पंप कितीही ताकदीचा असो, मोटार बंद होताच पाइपातले पाणी विहिरीत परत जाते आणि पाइप पुन्हा भरल्याशिवाय पाणी चढत नाही. हृदयाची मोटार तर मिनिटाला ७२ वेळा बंद पडून पुन्हा चालू होते. त्या प्रत्येक विश्रांतीत आधी चढवलेले रक्त जागच्या जागी थोपून राहावे लागते.

आता या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. पाकळी उघडणारा किंवा मिटणारा स्नायू अस्तित्वातच नाही. ‘आता बंद हो’ असा निरोप तिला मेंदूकडून येत नाही. पाकळीच्या अलीकडे दाब जास्त असला की ती उघडते, पलीकडे जास्त झाला की मिटते. मागे फिरू पाहणारे रक्तच झडप लावते आणि स्वतःची वाट बंद करून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातली अचूक वेळ कोणी ठरवत नाही. ती दाबाच्या चढउतारातून जुळून येते. ठोका साधारण ०.८ सेकंदांचा. त्यातले ०.३ सेकंद निलये आकसलेली असतात, उरलेला वेळ ती सैल होऊन भरत असतात. आकसायला सुरुवात होताच मायट्रल झडप मिटते, पण महाधमनीची झडप लगेच उघडत नाही, कारण आतला दाब अजून ८० पर्यंत चढायचा असतो. तेवढा क्षणभर चारही झडपा बंद असतात. रक्त कोंडलेले, स्नायू ताणलेला, आणि बाहेर पडायला एकही वाट नाही. मग दाब ८० च्या पुढे जातो आणि महाधमनीचे दार उघडते. रक्तदाब मोजून १२० आणि ८० असे आकडे सांगितले जातात ते याच घडामोडीचे. खालचा आकडा म्हणजे साधारण तो दाब, जो ओलांडल्याशिवाय महाधमनीची झडप उघडत नाही.

मायट्रल झडपेपुढे वेगळीच अडचण आहे. तिचे तोंड मोठे, पाकळ्या रुंद आणि लवचीक. निलय आकसते तेव्हा तिच्या खाली १२० चा दाब आणि वर दहाचा. तोंडाचे क्षेत्रफळ धरून ढोबळ हिशेब केला तर दर ठोक्याला या पातळ पडद्यावर किलोभर वजनाइतका भार येतो. नुसत्या पाकळ्या असत्या तर त्या उलटून वर अलिंदात गेल्या असत्या. तसे होऊ नये म्हणून पाकळ्यांच्या कडांना खालून पांढऱ्या, चिवट दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या दोऱ्यांची दुसरी टोके निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या लहान स्नायूंच्या शेंड्यांत रुजलेली असतात. नुसत्या दोऱ्या पुरल्या नसत्या. निलय आकसताना लहान होते, म्हणजे भिंत झडपेच्या जवळ येते आणि दोऱ्या सैल पडायला हव्यात. पण त्याच क्षणी तो लहान स्नायूही आकसतो आणि दोरी ताणून धरतो. पाकळीला उलटवू पाहणारे आकसणे आणि तिला सावरणारे आकसणे एकाच स्नायूचे, एकाच विद्युत्‌लहरीने सुरू झालेले. इतकी नेमकी व्यवस्था मी शरीरात दुसरीकडे फार कमी पाहिली आहे. त्यातली एक महत्त्वाची दोरी तुटली तर काय होते, तेही पुस्तकात आहे: पाकळी अलिंदात फडफडते, रक्त फुप्फुसांकडे उलटते आणि चांगला चालता-बोलता माणूस काही तासांत श्वासासाठी धडपडू लागतो.

महाधमनीच्या झडपेला अशा दोऱ्या नाहीत. तिच्या तिन्ही पाकळ्या खोलगट असतात. मागे फिरलेले रक्त त्यांत भरले की त्या फुगून एकमेकींना टेकतात आणि एकमेकींना आधार देतात. हे डोळ्यांनी पाहण्याचा सोपा मार्ग आहे. मटणाच्या दुकानात ‘दिल’ मागितले की बोकडाचे हृदय मिळते. महाधमनी थोडी लांब ठेवून कापून द्यायला सांगावे. घरी ते धुऊन, महाधमनीच्या तोंडातून हळूच पाणी ओतावे. पाणी आत उतरत नाही. वरून पाहिले की मिटलेल्या तीन पाकळ्यांच्या कडा मध्यावर येऊन मिळालेल्या दिसतात. चित्रांवर तासभर बोलून जे समजावता येत नाही ते विद्यार्थ्यांना या एका पाण्यात समजते. पहिले प्रकरण वाचण्याआधी वाचकाने हे जरूर करावे, अशी माझी विनंती आहे.

लिओनार्दो दा विंचीने हाच प्रयोग पाचशे वर्षांपूर्वी कितीतरी पुढे नेला. १५१३ च्या सुमारास त्याने बैलाच्या हृदयावर काम करताना महाधमनीच्या मुळाचा साचा काढून काचेचा नमुना करण्याची कल्पना मांडली. पाण्यात गवताचे बी टाकून प्रवाह कसा वळतो ते पाहायचे, असा त्याचा बेत होता. झडपेच्या पाकळ्यांमागे महाधमनीची भिंत जराशी फुगीर असते. त्या फुगवट्यांत प्रवाहाचे भोवरे होतात आणि ते भोवरेच पाकळ्यांना मिटायच्या दिशेने ढकलतात, असे त्याने लिहून आणि काढून ठेवले. विसाव्या शतकात, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, ऑक्सफर्डमधल्या अभियंत्यांनी प्रयोगशाळेत हे भोवरे मोजले, तेव्हा त्याचे म्हणणे बरोबर ठरले. झडप शेवटच्या क्षणी धाडकन आपटत नाही. रक्त पुढे जात असतानाच ती मिटायला लागलेली असते.

त्याच फुगवट्यांतून हृदयाच्या स्वतःच्या धमन्या निघतात. महाधमनी ताणलेली असते, हृदय सैल होताच ती पूर्ववत होऊ लागते आणि तिच्यातले रक्त मागे यायला बघते. झडप मिटलेली असल्यामुळे ते रक्त तिथे अडते आणि त्यातला काही भाग शेजारच्या दोन लहान तोंडांतून हृदयाच्या स्नायूत शिरतो. डाव्या निलयाच्या स्नायूला मुख्यतः याच वेळी, म्हणजे तो सैल असताना, रक्त मिळते. शरीरभर रक्त पुरवणारा हा स्नायू स्वतःच्या वाट्याचे रक्त मिटलेल्या झडपेच्या आधाराने घेतो. महाधमनीची झडप गळू लागली की रुग्णाला छातीत दुखू लागते, त्याचे एक कारण इथे आहे.

लक्ष देऊन वाचणाऱ्याला एक शंका येईल. अलिंदात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरांच्या तोंडाशी झडपा आहेत का? खऱ्या अर्थाने नाहीत. अलिंद आकसते तेव्हा थोडे रक्त खरोखरच मागे जाते. तिथला दाब इतका कमी असतो की शरीराला त्याचा त्रास होत नाही. उलट डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. रुग्णाला किंचित टेकून बसवून मानेतल्या शिरेची हालचाल पाहिली की उजव्या अलिंदात काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो. जिथे दार नाही तिथून आत डोकावता येते.

इतिहासाचा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिला आहे, कारण रक्त शरीरात फिरते हे माणसाला झडपांनीच शिकवले, आणि शिकवायला त्यांना जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात एरासिस्त्रातसने हृदयाच्या झडपा पाहिल्या होत्या आणि त्या एकाच बाजूला उघडतात हेही ओळखले होते. पण धमन्यांत रक्त नसून वायू असतो, अशी त्याची धारणा होती. दुसऱ्या शतकात गॅलेनने धमन्यांत रक्त असते हे सिद्ध केले, मात्र रक्त यकृतात तयार होते आणि अवयवांत वापरून संपते असे मानले, आणि उजव्या-डाव्या निलयांमधल्या भिंतीत अदृश्य छिद्रे आहेत असेही ठरवले. तेराव्या शतकात कैरोत काम करणाऱ्या इब्न अल-नफीसने ती छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येते, असे स्पष्ट लिहिले. युरोपातल्या विद्वानांचे त्या हस्तलिखिताकडे लक्ष गेले ते थेट विसाव्या शतकात.

इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फॅब्रिशियसने हातापायांच्या शिरांमध्येही झडपा असतात हे विद्यार्थ्यांना दाखवले आणि १६०३ मध्ये त्यांवर चित्रांसह पुस्तक छापले. चित्रे उत्तम होती. अर्थ मात्र चुकला. रक्त हृदयाकडून बाहेर, बोटांच्या टोकांकडे जाते ही समजूत इतकी पक्की होती की या झडपा त्याचा वेग कमी करण्यासाठी असाव्यात, म्हणजे सगळे रक्त हातापायांत उतरून तिथेच साचणार नाही, असे त्याने ठरवले. झडप हातात होती, तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते दिसत होते, तरी तिचे म्हणणे ऐकू आले नाही.

ते ऐकले त्याच्या एका इंग्रज विद्यार्थ्याने. विल्यम हार्वे १६०२ मध्ये पादुआची पदवी घेऊन लंडनला परतला आणि १६२८ मध्ये त्याचे लहानसे लॅटिन पुस्तक फ्रँकफर्टमध्ये छापून आले. त्यातला युक्तिवाद आजही कोणत्याही विज्ञानाच्या वर्गात वाचून दाखवावा असा आहे. दर ठोक्याला हृदयातून अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात हजाराहून जास्त ठोके पडतात. त्या हिशेबाने निघणारे रक्त शरीरात असलेल्या एकूण रक्ताहून जास्त होते. खाल्लेल्या अन्नातून इतके रक्त तयार होणे अशक्य. म्हणजे तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. मग त्याने दंडाला पट्टी बांधून फुगलेल्या शिरांवरच्या गाठी, म्हणजे झडपांच्या जागा, दाखवल्या. एका बोटाने शीर दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त वर, खांद्याच्या दिशेने, पुढच्या गाठीपलीकडे सारायचे. मधला तुकडा रिकामा राहतो. वरून रक्त खाली येत नाही. खालचे बोट उचलले की तो तुकडा खालून भरतो. या प्रयोगाला शीर उठून दिसणारा एक हात पुरेसा आहे.

उतारवयातल्या हार्वेला रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने विचारले होते की रक्ताभिसरणाची कल्पना सुचली कशी. बॉईलने पुढे नोंदवले आहे त्यानुसार हार्वेने शिरांमधल्या झडपांकडे बोट दाखवले: इतक्या झडपा, सगळ्या हृदयाच्याच दिशेने वाट मोकळी ठेवणाऱ्या, त्या विनाकारण असतील असे त्याला वाटेना. धमन्यांमधून शिरांमध्ये रक्त जाते कसे, ते मात्र त्याला कधीच दिसले नाही. केशवाहिन्या मालपिगीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या त्या १६६१ मध्ये, हार्वे वारल्यावर चार वर्षांनी. मधला दुवा न दिसताही त्याची खात्री झाली होती ती झडपांच्या दिशेवरून.

गर्भाच्या हृदयावरचे प्रकरण आकाराने लहान असले तरी माझ्या विशेष आवडीचे आहे. गर्भधारणेनंतर साधारण २२ व्या दिवशी हृदय हलू लागते. तेव्हा ती एक साधी नळी असते. कप्पे नाहीत, झडपा नाहीत. आकसण्याची लाट शिरांच्या टोकाकडून सुरू होऊन पुढे सरकते म्हणून रक्त पुढे जाते, थोडे मागेही येते. पुढच्या काही आठवड्यांत नळीच्या आतल्या अस्तराला उंचवटे येतात आणि त्यांच्यापासून पाकळ्या घडत जातात. झेब्राफिश या पारदर्शक माशाच्या भ्रूणांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की हृदयातून रक्ताचा प्रवाह अडवला तर झडपा नीट तयारच होत नाहीत. ज्या प्रवाहाला दिशा द्यायची, त्याच्याच घासण्याने झडप घडते.

पुस्तकाचा उत्तरार्ध आजाराचा आहे, आणि इथे मला आपल्या देशाविषयी बोलावेच लागेल. श्रीमंत देशांत झडपांचे आजार आता मुख्यतः म्हातारपणाचे झाले आहेत. महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक होते. आपल्याकडे हेही वाढते आहे, पण त्याच्या जोडीला जुना शत्रू अजून उभा आहे: ऱ्हुमॅटिक फीव्हर, म्हणजे संधिवाताचा ताप. घशाला एका विशिष्ट स्ट्रेप्टोकोकस जीवाणूचा संसर्ग होतो, साधारण ५ ते १५ वर्षे वयात. शरीर त्या जीवाणूंविरुद्ध जी शस्त्रे तयार करते ती काही मुलांमध्ये स्वतःच्याच झडपांवर चालतात. घसा बरा होतो, सांधेदुखी ओसरते आणि सगळे विसरून जातात. पाकळ्या मात्र हळूहळू जाड होतात, कडांना चिकटतात, दोऱ्या आखडतात. मायट्रल झडपेचे तोंड निरोगी माणसात चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. या आजारात ते एक चौरस सेंटिमीटरपर्यंत येऊ शकते. कितीतरी तरुण बायकांना याचा पत्ता पहिल्या बाळंतपणात लागतो. गरोदरपणात शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट होते, नाडी वाढते आणि अरुंद झालेल्या तोंडातून तेवढे रक्त उतरू शकत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात रात्री आडवे झाले की दम लागतो. घरचे म्हणतात, पोटुशी आहे, दम लागायचाच. टूडी इको काढल्यावर कळते की व्हॉल्व आखडलेला आहे आणि तो लहानपणापासूनच आखडत आला आहे.

या आजारावरच्या उपायांची कथा धाडसाची आहे. १९२५ मध्ये लंडनमध्ये हेन्री सुटार या शल्यविशारदाने धडधडत्या हृदयात बोट घालून एका मुलीची मायट्रल झडप मोकळी केली. मुलगी बरी झाली, तरी तसा दुसरा रुग्ण त्याच्याकडे कुणी पाठवला नाही. ती शस्त्रक्रिया रुळायला १९४८ उजाडले. भारतात १९५० च्या दशकात ती वेल्लोरला आणि मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या हाताखाली होऊ लागली, आणि पुढे याच डॉ. सेनांनी १९६८ मध्ये केईएममध्ये देशातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. आज बहुतेक ठिकाणी जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेल्या पाकळ्या सोडवल्या जातात. ही पद्धत १९८० च्या दशकात जपानच्या कांजी इनोऊए यांनी दिली.

जिथे झडप बदलावीच लागते तिथे प्रश्न पैशाचाही होतो. अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांनी १९६० मध्ये पिंजऱ्यात चेंडू असलेली कृत्रिम झडप अमेरिकेत यशस्वीपणे बसवली, पण परदेशी झडपांची किंमत आपल्या रुग्णांना परवडणारी नव्हती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे खपून भारतीय झडप तयार केली. कृत्रिम झडपेला वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा उघडावे-मिटावे लागते, तिच्यावर रक्त गोठता कामा नये, धातू थकता कामा नये. आधीचे नमुने फसले. अखेर मिश्रधातूच्या चौकटीत टणक प्लास्टिकची चकती असलेला नमुना टिकला आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसात बसवला गेला. तेव्हापासून लाखाहून अधिक रुग्णांच्या हृदयात चित्रा झडप बसली आहे. माझ्या मते स्वतंत्र भारताच्या वैद्यकीय अभियांत्रिकीतले हे सर्वांत मोलाचे काम आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्याला जागा मिळायला हवी.

शेवटचे प्रकरण मी घशावर लिहिले आहे. झडपांच्या पुस्तकात घसा कशाला, असे संपादकांनी विचारले होते; पण ऱ्हुमॅटिक आजाराची झडप वाचवायची जागा घसाच आहे. मुलाला ताप आणि घसादुखी झाली तर डॉक्टरांनी दिलेले औषध पूर्ण दिवस द्यावे. नंतर दोन-तीन आठवड्यांनी मोठे सांधे सुजू लागले, एक सांधा बरा होऊन दुसरा दुखू लागला, तर ते वाढीचे दुखणे समजून घरी ठेवू नये. हृदय तपासून घ्यावे. ऱ्हुमॅटिक ताप ठरलाच तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू होते आणि ते अनेक वर्षे चालू ठेवायचे असते. मूल खेळते-बागडते आहे, शाळेत जाते आहे, आता सुई कशाला, असे वाटून ते मध्येच थांबवले जाते, आणि पुढच्या प्रत्येक संसर्गात झडप आणखी थोडी आखडते. ते इंजेक्शन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नये.